विज्ञानकथेचे माध्यमांतर : काही अभिजात आणि काही दुर्लक्षित चित्रपट

मराठीत विज्ञानकथेची चर्चा बहुधा एका प्रश्नापाशी येऊन थांबते : कथेतील विज्ञान कितपत अचूक आहे? या प्रश्नामागे इतिहास आहे. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी पाठवली. तेव्हापासून मराठीत हा वाङ्मयप्रकार विज्ञानप्रसाराच्या चळवळीचा हात धरूनच वाढला. त्यामुळे कथेतील माहितीची तपासणी करणे हे समीक्षेचे पहिले काम ठरले आणि त्या माहितीचे अनुभवात रूपांतर कसे होते, हा प्रश्न मागे पडला. पदव्युत्तर वर्गात विज्ञानकथा शिकवताना ही अडचण प्रकर्षाने जाणवते. विद्यार्थी कृष्णविवर म्हणजे काय ते सांगू शकतो. कथेत त्याचे काय झाले, हे सांगताना तो अडखळतो.

या अडचणीतून वाट काढण्यास चित्रपट साहाय्यभूत होऊ शकतो. विज्ञानपट म्हटले की अवकाशयाने, किरणास्त्रे आणि विध्वंस यांची दृश्ये डोळ्यांपुढे येतात, हे खरे. परंतु या प्रकाराच्या इतिहासात साहित्यकृतींवर आधारलेले, वा साहित्याच्या जवळ जाणारे, असे काही चित्रपट आहेत की ज्यांत वैज्ञानिक कल्पना हे मानवी अनुभवाचे कारण होते. त्यांतील काही अभिजात म्हणून मान्यता पावले. काही कापले गेले, विस्मरणात गेले वा दूरचित्रवाणीवर एकदा दाखवले जाऊन बाजूला पडले. अशा निवडक चित्रपटांचा परिचय करून देणे आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते का पाहावेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दाखवणारे माध्यम आणि अज्ञात विषय

विज्ञानकथेचा विषय मूलतः अज्ञाताशी निगडित असतो. परग्रहावरील बुद्धी, अद्याप न घडलेला काळ, मृत्यूनंतर परतलेली व्यक्ती यांपैकी कशाचाही वाचकाला पूर्वानुभव नसतो. कथाकार शब्दांच्या साहाय्याने त्याची केवळ सूचना देऊ शकतो. उरलेली प्रतिमा वाचक स्वतः पूर्ण करतो. चित्रपटाला ही सवलत नाही. पडद्यावर काहीतरी दिसलेच पाहिजे. आणि अज्ञात एकदा दिसले की ते अज्ञात राहत नाही. रबरी मुखवट्यातील परग्रहवासी काही काळाने हास्यास्पद का वाटू लागतो, याचे उत्तर या पेचात आहे.

चित्रपटाच्या बाल्यावस्थेत हा पेच कोणाला जाणवला नव्हता. जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने १९०२ साली ‘चंद्राची सहल’ पडद्यावर आणली. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या कल्पनांचे ते मिश्रण होते. ‘केरळ कोकिळ’ मासिकातून व्हर्नच्या चंद्रप्रवासाची मराठी वाचकाला ओळख झाली, तो काळही याच्या आसपासचाच. चंद्राच्या डोळ्यात घुसलेले यान ही मेलिएसची प्रतिमा अजरामर झाली. परंतु तिच्यात आश्चर्य आहे, अज्ञाताची जाणीव नाही. ही जाणीव पुढे परिपक्व कशी झाली, याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्टॅनली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८). परग्रहवासी कसे दाखवावेत याचे अनेक प्रयोग करून पाहिल्यावर कुब्रिकने ते सोडून दिले आणि एक काळा, गुळगुळीत शिलाखंड तेवढा ठेवला. हा शिलाखंड काही सांगत नाही. म्हणूनच तो अद्याप जुना झालेला नाही. न दाखवण्याचा हा निर्णय पुढील विवेचनाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

२. कापलेल्या प्रती, हरवलेले अर्थ

विज्ञानपट हे निव्वळ मनोरंजन आहे, या समजुतीचे प्रत्यक्ष परिणाम काही कलाकृतींना भोगावे लागले. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ १९२७ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. त्यानंतर तो इतका कापण्यात आला की मूळ कृती काय होती, हे सुमारे ८० वर्षे कोणालाच पूर्णपणे सांगता येत नव्हते. २००८ साली ब्यूनोस आयर्समधील चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक झिजलेली प्रत सापडली. तिच्या आधारे सुमारे २५ मिनिटांचा गहाळ भाग परत मिळाला आणि २०१० मध्ये जवळजवळ पूर्ण चित्रपट पुन्हा दाखवता आला.

या कापाकापीत काय गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. चित्रपटातील शास्त्रज्ञ रोटवांग स्त्रीरूपी यंत्र घडवतो, कारण त्याचे जिच्यावर प्रेम होते ती हेल ही स्त्री नगराच्या अधिपतीची पत्नी झाली आणि पुत्राला जन्म देऊन मरण पावली. मूळ कृतीत हे यंत्र शोकातून जन्मलेले आहे. अमेरिकेसाठी प्रत तयार करताना हेलचे नाव इंग्रजीतील नरकवाचक शब्दासारखे ऐकू येते, म्हणून ते उपकथानकच काढून टाकण्यात आले. परिणामी यंत्र उरले आणि ते का घडवले गेले, ते कारण नाहीसे झाले. कित्येक दशके प्रेक्षकांनी एका खलपुरुषाचा विक्षिप्त प्रयोग पाहिला. एका विधुर मनाची कथा त्यांना दिसलीच नाही. विज्ञानकथेतून मानवी कारण वजा केले की केवळ उपकरण शिल्लक राहते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण आहे.

‘मेट्रोपोलिस’ची पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बू हिचा मराठीशी एक दूरचा संबंध आहे. लांगपासून विभक्त झाल्यानंतर तिचा विवाह बर्लिनमध्ये राहणारे मराठी पत्रकार अयी गणपत तेंडुलकर यांच्याशी झाला होता. चित्रपटाच्या अर्थनिर्णयनाशी याचा संबंध नाही. मात्र मराठी अभ्यासकाला ही नोंद अनोळखी असू नये.

दुसरे उदाहरण चेकोस्लोव्हाकियातील यिंद्रजिख पोलाकच्या ‘इकारी एक्सबी-१’ (१९६३) या चित्रपटाचे. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमच्या ‘मॅजेलानचा मेघ’ या कादंबरीवर तो सैलपणे आधारलेला आहे. बाविसाव्या शतकात ४० जणांना घेऊन एक यान दुसऱ्या ताऱ्याकडे निघाले आहे. वाटेत त्यांना एक निर्जीव यान भेटते. ते विसाव्या शतकातील असून त्यात प्रवाशांची प्रेते आणि अण्वस्त्रे आहेत. भविष्यातील मनुष्याला अवकाशात जो भयंकर परका सापडतो, तो त्याचाच पूर्वज असतो. एवढ्या एका प्रसंगासाठीही हा चित्रपट पाहावा. अखेरीस यान इष्ट ग्रहाजवळ पोहोचते, यानात जन्मलेले बालक त्या नव्या जगाच्या दारात असते आणि ढगांखाली वस्तीच्या खुणा दिसतात. तेथील रहिवासी दिसत नाहीत. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत मात्र शेवट बदलण्यात आला : ढगांखाली न्यूयॉर्क दिसते, म्हणजे प्रवासी परके आणि ग्रह आपली पृथ्वी! खुल्या शेवटाच्या जागी कोड्याचे उत्तर आले. माध्यमांतराच्या अभ्यासकाने दोन्ही शेवट शेजारी ठेवून पाहिल्यास कलात्मक शेवट आणि चमत्कृतीचा शेवट यांतील भेद समजावून देण्यास निराळ्या व्याख्येची गरज पडणार नाही.

३. काळप्रवास : यंत्राकडून स्मृतीकडे

काळप्रवास हा विज्ञानकथेचा जुना विषय. वेल्सच्या कादंबरीपासून त्याच्याशी यंत्र जोडले गेले. १९६० च्या दशकातील दोन फ्रेंच चित्रपटांनी यंत्राला गौण स्थान देऊन स्मृतीलाच वाहन केले.

क्रिस मार्करचा ‘ला जेते’ (१९६२) केवळ २८ मिनिटांचा आहे. तो जवळजवळ संपूर्णतः स्थिर छायाचित्रांचा बनलेला असून त्यांना निवेदकाच्या स्वराची जोड आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या तळघरांत उरलेली माणसे एका कैद्यावर काळप्रवासाचा प्रयोग करतात. त्याचीच निवड होते, कारण लहानपणी विमानतळाच्या धक्क्यावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा आणि त्याच वेळी झालेला एका पुरुषाचा मृत्यू ही स्मृती त्याच्या मनात घट्ट रुतलेली आहे. भूतकाळात तो त्या स्त्रीला भेटतो. पुढे भविष्यातील माणसे त्याला आश्रय देऊ करतात, तेव्हा तो आपल्या बालपणाच्या त्या क्षणी परत पाठवण्याची विनंती करतो. धक्क्यावर पोहोचल्यावर त्याला उमगते की लहानपणी जो मृत्यू पाहिला, तो स्वतःचाच होता.

येथे स्थिर छायाचित्रांची योजना अर्थनिर्मितीचा भाग आहे. स्मृती चलत् नसते; तिच्यात निवडक क्षण गोठलेले असतात. चित्रपटात एकदाच, झोपेतून जागी होणारी ती स्त्री डोळे उघडते तेव्हा, चित्र क्षणभर हलते. इतर चित्रपटांत ज्याकडे लक्षही जाणार नाही अशी ही पापण्यांची हालचाल येथे पुनरुज्जीवनाचा प्रत्यय देते. रूपबंध आणि आशय यांच्या एकात्मतेचे इतके आटोपशीर उदाहरण वर्गात दाखवण्यास दुसरे क्वचितच मिळेल. टेरी गिलियमच्या ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) या चित्रपटाची प्रेरणा हीच. दोहोंची तुलना केल्यास विस्ताराने कथेला काय मिळाले आणि तिने काय गमावले, हे कळते.

आलाँ रेनेचा ‘ज तेम, ज तेम’ (१९६८) त्या मानाने फारच थोड्यांनी पाहिला आहे. तो १९६८ च्या कान महोत्सवात दाखवला जाणार होता. परंतु फ्रान्समधील आंदोलनामुळे महोत्सवच अर्ध्यावर बंद पडला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या क्लोद रिदेर या मनुष्याला शास्त्रज्ञ एक वर्ष मागे, अवघ्या एका मिनिटासाठी, पाठवतात. सोबत प्रयोगातला एक उंदीर असतो. यंत्रात बिघाड होतो आणि रिदेर स्वतःच्या आयुष्याच्या तुकड्यांत हरवतो. हे तुकडे कालक्रमाने येत नाहीत. एकच क्षण पुनःपुन्हा येतो, दुसरा मध्येच तुटतो. त्यांतून कात्रीन या मृत स्त्रीशी असलेले त्याचे नाते आणि तिच्या मृत्यूविषयीची अपराधी जाणीव हळूहळू आकार घेते. संज्ञाप्रवाही कादंबरी शिकवणाऱ्या अध्यापकाला हा चित्रपट विशेष उपयोगी पडावा. नवकादंबरीत जे तंत्र मनोव्यापाराचे म्हणून येते, ते येथे वैज्ञानिक अपघात म्हणून येते. आणि तरीही परिणाम तोच राहतो. वैज्ञानिक गृहीतक हे मनोविश्लेषणाचे साधन कसे होऊ शकते, याचा हा नमुना आहे.

४. ‘सोलारिस’ : एका कादंबरीची तीन रूपे

माध्यमांतराच्या अभ्यासासाठी लेमची ‘सोलारिस’ (१९६१) ही कादंबरी आदर्श ठरते, कारण तिची तीन भिन्न दृश्यरूपे उपलब्ध आहेत. सोलारिस या ग्रहावरचा महासागर हाच एक सजीव आहे. त्याचा अभ्यास करणाऱ्या स्थानकावरील शास्त्रज्ञांकडे तो त्यांच्या मनातील गाडलेल्या स्मृतींतून घडवलेली माणसे पाठवतो. केल्विनकडे येते ती त्याची मृत पत्नी. दहा वर्षांपूर्वी तिने आत्महत्या केली होती आणि तिला तो जबाबदार होता. महासागर हे का करतो? तो शिक्षा करतो, भेट देतो, की त्याला काही कळतच नाही? कादंबरी उत्तर देत नाही. मानवी ज्ञानाच्या मर्यादा हेच तिचे आशयसूत्र आहे.

पहिले रूप बोरिस निरेनबुर्गने १९६८ साली सोव्हिएत दूरचित्रवाणीसाठी केले. दोन भागांच्या या कृष्णधवल रूपाची आठवण आज क्वचितच काढली जाते. त्यात पृथ्वीवरील प्रस्तावना नाही. साधने तुटपुंजी आहेत आणि भर संवादांवर आहे. ते नाटकासारखे वाटते, तरी कादंबरीच्या कथानकाशी त्याची निष्ठा अधिक आहे.

आंद्रेई तार्कोव्स्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) मात्र पृथ्वीवर सुरू होतो. तळ्यातील पाणवनस्पती, पाऊस, वडिलांचे घर यांवर कॅमेरा दीर्घकाळ रेंगाळतो. हा भाग कादंबरीत नाही. परंतु त्याच्यामुळे अवकाशस्थानकावरील प्रत्येक क्षणाला घराच्या अभावाची किनार येते. स्थानकाच्या ग्रंथालयात ब्रूगेलचे हिमातील शिकाऱ्यांचे चित्र लावलेले आहे. ज्या हारीला स्वतःचा भूतकाळ नाही ती त्याकडे पाहत राहते आणि पृथ्वीची उसनी स्मृती जणू तिच्यात उतरते. आपण खरी हारी नाही हे कळत गेल्यावरही ती दुःख भोगते, आणि त्या दुःखातूनच ती अधिकाधिक मनुष्य होत जाते. ‘मेट्रोपोलिस’मध्ये कात्रीखाली गेलेला, मृत स्त्रीला पुन्हा घडवण्याचा प्रश्न येथे घडवल्या गेलेल्या स्त्रीच्या बाजूने विचारला गेला आहे. हे या चित्रपटाचे मोठे यश होय.

लेमला हा चित्रपट मान्य झाला नाही. ज्ञानाच्या मर्यादेवरची आपली कादंबरी दिग्दर्शकाने अपराध आणि पश्चात्तापाची कथा केली, हा त्याचा आक्षेप होता. स्टीव्हन सोडरबर्गच्या २००२ मधील तिसऱ्या रूपात प्रेमकथेला आणखी महत्त्व आले, तेव्हा अवकाशातील प्रेम हा आपला विषय नव्हता, अशा आशयाची नाराजी लेमने व्यक्त केली. हा वाद वर्गात अवश्य मांडावा. लेखकाचा आक्षेप तर्कशुद्ध आहे, आणि चित्रपटही श्रेष्ठ आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आले की माध्यमांतराचे मूल्यमापन ‘मूळाशी किती इमान राखले’ या एकाच निकषावर करता येत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय एक सावधगिरी आवश्यक आहे. १९७० पासून प्रचलित असलेला या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद पोलिशवरून नसून फ्रेंच अनुवादावरून केलेला आहे. पोलिशवरून थेट इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये झाला. तुलना करताना कोणता पाठ हाती आहे, हे नोंदवले पाहिजे.

५. ‘स्टॉकर’ : वजाबाकीचे माध्यमांतर

आर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंची ‘रस्त्याकडेची सहल’ (१९७२) ही कादंबरी वस्तूंनी गजबजलेली आहे. परग्रहवासी पृथ्वीवर थांबून गेले आणि सहलीला आलेल्यांनी कचरा टाकावा तशा अनाकलनीय वस्तू मागे ठेवून गेले. ती जागा म्हणजे निषिद्ध क्षेत्र. तेथून वस्तू चोरून आणून विकणारे म्हणजे स्टॉकर. तार्कोव्स्कीच्या ‘स्टॉकर’ (१९७९) या चित्रपटाची पटकथा याच बंधूंनी लिहिली. तरी त्यात त्या वस्तूंपैकी जवळजवळ काहीही उरलेले नाही. पहिल्या चित्रीकरणाची बरीच फिल्म प्रक्रियेत खराब झाली आणि काम पुन्हा करावे लागले. या पुनर्लेखनात स्टॉकरचे पात्रही बदलले : कादंबरीतील धाडसी तस्कराच्या जागी दुबळा, श्रद्धाळू वाटाड्या आला.

तो एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला निषिद्ध क्षेत्रातील अशा खोलीकडे नेतो, जेथे मनुष्याची अंतरतम इच्छा पूर्ण होते. एस्टोनियातील पडीक वीजकेंद्राच्या परिसरात चित्रित केलेल्या या क्षेत्रात गवत, पाणी, गंजलेले लोखंड यांखेरीज काही दिसत नाही. चिंधी बांधलेला लोखंडी नट पुढे फेकायचा आणि तो पडेल त्या दिशेने जायचे, एवढीच कृती. तरीही प्रेक्षकाला भीती वाटते, कारण स्टॉकरला ती वाटते. अज्ञात येथे पात्राच्या वर्तनातून सिद्ध झाले आहे.

खोलीच्या उंबरठ्यावर तिघे थांबतात. कोणी आत जात नाही. डिकोब्राझ नावाच्या पूर्वीच्या एका वाटाड्याची कथा त्यांना आठवते : मृत भावासाठी तो खोलीत गेला, परतल्यावर त्याला अमाप धन मिळाले आणि काही दिवसांत त्याने गळफास घेतला. खोली मनुष्य मागतो ते देत नाही. त्याच्या मनात खरोखर असते ते देते. आपल्याला खरोखर काय हवे आहे, हे जाणून घेण्याचे धैर्य किती जणांत असते? विज्ञानकथेच्या गृहीतकातून निघालेला हा प्रश्न निखळ नैतिक आहे.

६. आरशांतील जग

राइनर वेर्नर फासबिंडरची ‘तारेवरचे जग’ (१९७३) ही दोन भागांची कलाकृती पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीसाठी तयार झाली आणि दीर्घकाळ विस्मृतीत राहिली. २०१० मध्ये तिची दुरुस्त प्रत पुन्हा प्रकाशात आली. डॅनियल गॅलोयच्या १९६४ च्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. एका संस्थेने संगणकात कृत्रिम समाज निर्माण केला आहे. त्यातील हजारो ‘माणसांच्या’ वर्तनावरून भविष्यातील मागणीचे अंदाज बांधले जातात आणि उद्योगपतींना त्यांत रस आहे. संस्थेचा नवा प्रमुख स्टिलर याला संशय येतो की आपले जगही कोणाच्या तरी संगणकातील असावे. फासबिंडरने यासाठी एकही चमत्कृतिदृश्य योजलेले नाही. त्याने आरसे, काचा आणि निश्चल उभी माणसे वापरली. एकाच चौकटीत व्यक्ती आणि तिची प्रतिबिंबे इतकी मिसळतात की खरे कोणते, हा प्रश्न कथानकाआधी डोळ्यांनाच पडतो. हीच कल्पना २६ वर्षांनी ‘द मेट्रिक्स’ने (१९९९) लोकप्रिय केली. परंतु माणसांच्या वर्तनाची आकडेमोड करून बाजारपेठेचे भाकीत करणारे जग आज प्रत्यक्ष अनुभवाला येत असताना फासबिंडरची कृती अधिक जवळची वाटते.

समारोप

येथे परिचय करून दिलेल्या चित्रपटांत काही समान धागे आढळतात. त्यांतील गृहीतके वेगवेगळी असली, तरी यंत्र, ग्रह वा काळप्रवास यांचे महत्त्व त्यांनी माणसांच्या नात्यांत घडवलेल्या बदलापुरते आहे. अज्ञाताचे दर्शन घडवण्याऐवजी त्याचा परिणाम दाखवण्यावर त्यांचा भर आहे. आणि त्यांची साधने बहुतेक वेळा साधी आहेत : स्थिर छायाचित्रे, आरसे, चिंधी बांधलेला नट. ‘मेट्रोपोलिस’ हा साधनांच्या दृष्टीने अपवाद. त्याचे भव्य नगर कापल्या गेलेल्या प्रतींतही टिकले, हरवली ती हेल.

वर्गासाठी क्रम सुचवायचा तर आरंभ ‘ला जेते’ने करावा, तो एका तासिकेत पाहून त्यावर चर्चाही होऊ शकते. त्यानंतर कादंबरीच्या वाचनासह ‘सोलारिस’ आणि ‘स्टॉकर’ घ्यावेत. या दोन्ही चित्रपटांची संथ गती प्रथम त्रासदायक वाटते, याची पूर्वकल्पना विद्यार्थ्यांना द्यावी. ‘इकारी’ आणि ‘ज तेम, ज तेम’ हे जिज्ञासूंनी आपणहून पाहावेत. ‘मेट्रोपोलिस’ पाहताना २०१० ची प्रतच निवडावी, आणि ‘तारेवरचे जग’ दोन बैठकांत पाहावे.

या पाहण्याचा अंतिम उपयोग मराठी विज्ञानकथेकडे परतण्यासाठी व्हावा. नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत मोबियस पट्टीसारखी अमूर्त भूमितीय कल्पना वाचकापर्यंत पोहोचते ती गणपतीच्या सोंडेच्या दिशेतून. प्रत्येक मराठी घराला परिचित असलेल्या मूर्तीत एक लहानसा बदल होतो आणि अपरिचित विश्वाची चाहूल लागते. मार्करच्या पापण्या आणि तार्कोव्स्कीचा नट जे कार्य करतात, तेच कार्य ही सोंड करते. कथेतील विज्ञान अचूक आहे काय, हा प्रश्न विचारणे योग्यच. पण त्या विज्ञानाने घरातील कोणती वस्तू, कोणते नाते, कोणती स्मृती बदलली, हा प्रश्न त्याच्या बरोबरीने विचारला गेला, तरच या वाङ्मयप्रकाराची समीक्षा पूर्णत्वाला जाईल.